होडी नाही, जाळं नाही, म्हणून नोंदही नाही : खाडीतल्या तिसऱ्या-कालवांचं पुढे काय?

सिंधुदुर्ग : मालवण, वेंगुर्ले किंवा देवगडच्या बाजारात बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी मासळीला गेलं, की सुरमई-पापलेटच्या गर्दीच्या जरा बाजूला पोतं पसरून बसलेली एखादी बाई दिसते. पुढ्यात तिसऱ्यांचे वाटे, बाजूला पातेल्यात सोललेली कालवं. तिच्याकडे बर्फाची पेटी नसते, वजनकाटाही बहुतेक वेळा नसतो. माल वाट्यावर किंवा शेकड्यावर जातो. दहा-अकरा वाजले की पोतं गुंडाळून ती निघून जाते, कारण घरची कामं तशीच पडलेली असतात आणि उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा असते.

हा धंदा किती जुना, हे कोणी सांगू शकणार नाही. होडी बांधायला आणि जाळं विणायला शिकण्याआधी माणूस किनाऱ्यावरच्या शिंपल्या वेचत होता, एवढं जगभरच्या किनाऱ्यांवर सापडलेल्या शिंपल्यांच्या जुन्या ढिगांवरून दिसतं. आपल्याकडे हे काम गाबीत, खारवी, भोई, दालदी अशा खाडीकाठच्या समाजांतल्या बायकांच्या हातात राहिलं. काही ठिकाणी शेती करणारी कुटुंबंही घरच्या कालवणापुरती शिंपली काढतात. मात्र मासेमारीवर जेव्हा जेव्हा बोललं जातं, तेव्हा या बायका त्यात धरल्याच जात नाहीत. त्यांच्या हातातलं ज्ञान आणि खाडीतल्या त्यांच्या जागा आता एकाच वेळी निसटत चालल्या आहेत, आणि त्याचा कागदोपत्री कुठलाच हिशोब नाही.

तिथीची पाऊणपट

तिसऱ्या काढायला काय लागतं, असं विचारलं तर उत्तर सोपं वाटतं : एक टोपली, एक विळा आणि दोन पाय. खरं तर सगळ्यात आधी लागतं ते पाण्याचं गणित.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. दशमीला साडेसात. तिथून सहा-सव्वासहा तास पुढे मोजले की ओहोटी, म्हणजे मालवणीतली सुकती. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते, एवढंच यामागचं शास्त्र. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळायच्या कितीतरी आधीपासून घरातल्या पंचांगावर हे काम चालू होतं आणि अजूनही अनेक घरांत चालतं.

पण वेळ कळली म्हणजे काम झालं असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी वर चढतं तसंच खालीही खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत खाडीत जाऊन फारसं काही हाती लागत नाही. म्हणून महिन्यातले खरे कामाचे दिवस मोजकेच. त्यातही मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो; मालवण-वेंगुर्ल्याकडे तो साधारण निम्माच राहतो. म्हणजे उघडी पडणारी पट्टी अरुंद आणि ती उघडी राहण्याचा वेळही थोडा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त उतरते, दुसरी कमी. कुठल्या हंगामात कुठली ओहोटी धरायची, हे बघूनच शिकावं लागतं.

पाणी उतरलं की वाळूवर बारीक भोकं दिसू लागतात. तिसरी वाळूत पुरलेली असते आणि दोन छोट्या नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करते. त्या नळ्यांची खूण म्हणजे ती भोकं. खेकड्याचं बीळ वेगळं, किड्याचं वेगळं, तिसरीचं वेगळं. जिथे पाणी पूर्ण उतरत नाही, तिथे बाई गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते आणि पायाच्या बोटांनी चाचपते. कडक काही लागलं की वाकून हातानं उचलायचं. नवख्याला त्या चिखलात दगड आणि तिसरी यातला फरक कळायलाच काही दिवस जातात.

नंतरची निवडही महत्त्वाची. मेलेल्या तिसरीत चिखल भरलेला असतो, बाहेरून ती बंदच दिसते. तशी एक जरी पातेल्यात गेली तरी सगळं कालवण कचकचतं. म्हणून दोन-दोन शिंपल्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा, जड वाटते का बघायचं. मग त्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे पोटातली वाळू टाकतात. विळीवर उघडताना निघणारं पाणी फेकायचं नाही, गाळून आमटीत घालायचं. एका शिंपीला मांस ठेवून केलेली एकशिपी हॉटेलात मागवणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच दिसत नाही, दिसायचं कारणही नाही.

नावांचीही गंमत आहे. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे ही नावं एका खाडीतून दुसऱ्या खाडीत गेलं की शिंपली बदलतात. एका गावचा खुबा दुसऱ्या गावचा खुबा असेलच असं नाही. शास्त्रीय यादी करायला येणाऱ्यांची इथे नेहमी पंचाईत होते. गावच्या बाईला मात्र शिंपलीवरच्या रेघा, रंग आणि जाडी पाहून ती कुठल्या भागातली, हेही अनेकदा सांगता येतं.

कालवं फोडताना शिंपी खडपावरच का राहते

कालवांचं काम वेगळं. कालव खडपाला, पुलाच्या खांबाला, बंदराच्या दगडाला सिमेंट लावल्यासारखं चिकटलेलं असतं. टोकदार लोखंडानं वरची शिंपी उचकटायची, आतलं मांस भांड्यात काढायचं आणि पुढे सरकायचं. खालची शिंपी दगडालाच राहते. कडा पात्यासारख्या धारदार, त्यामुळे हातापायाला कापल्याशिवाय दिवस जात नाही. तासन्‌तास उकिडवं बसून फोडलेली कालवं एका लहान पातेल्यात मावतात, म्हणून ती महाग वाटतात. त्या पातेल्यामागचे तास मोजले तर ती स्वस्तच म्हणायची.

खालची शिंपी मागे ठेवण्याची ही पद्धत निव्वळ सोयीची म्हणून पडली असेल, पण तिचा परिणाम मोठा आहे. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत असतं. काही दिवसांनी त्याला कायमचं चिकटायला टणक जागा लागते आणि जुन्या कालवाची शिंपी ही त्याची सर्वांत आवडती जागा. म्हणजे फोडून गेलेल्या बाईनं पुढच्या पिढीसाठी घर मागे ठेवलेलं असतं. जगात जिथे कालवं संपली तिथे आता मुद्दाम रिकाम्या शिंपल्या खाडीत टाकून ती परत वाढवण्याचे प्रकल्प चालतात. तेच काम आपल्याकडे बिनपैशात होत आलं आहे. याउलट पहारीनं सगळा गठ्ठाच उखडून पोत्यात भरला, किंवा खडपच फोडून जेटीखाली गेलं, तर पिल्लाला बसायला काही उरत नाही.

रिकाम्या तिसऱ्यांनाही एकेकाळी किंमत होती. शिंपल्या भाजून चुना करायचा, तो भिंतींना, विड्याच्या पानाला आणि घर सारवताना वापरायचा. सिमेंट आल्यावर शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या बंद होत गेल्या आणि काढणाऱ्या बाईचं ते जोडउत्पन्नही गेलं.

वाळू गेली की पायाखालची जमीन जाते

तिसऱ्या कमी का झाल्या, याचं एकच उत्तर नाही. पण खाडीकाठच्या कुठल्याही गावात विचारलं तर पहिला शब्द बहुधा वाळूचाच येतो.

कर्ली, कालावल, तेरेखोल या खाड्यांतल्या वाळूला मागणी आहे, तिचे लिलाव होतात, परवाने निघतात आणि परवान्याबाहेरच्या उपशावर अधूनमधून कारवाईच्या बातम्या येतात. बुडी मारून टोपलीनं वाळू काढायची हातपाटीची पद्धत वेगळी आणि यंत्रानं ओढलेली वाळू वेगळी. तिसरी वाळूच्या अगदी वरच्या थरात, विळ्याच्या पात्यानं उकरता येईल एवढ्या खोलीवर राहते. सक्शन पंप पहिल्यांदा नेमका तोच थर उचलतो, त्यात मोठ्या तिसऱ्याही जातात आणि तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लंही.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण बायकांसाठी तोच मोठा आहे. उपसा झालेल्या जागी खड्डा पडतो. पूर्वी ओहोटीला जिथे गुडघाभर पाणी असायचं, तिथे आता उभंच राहता येत नाही. वरून पाणी सारखंच दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या पायानं पाठ झालेल्या वाटेवर अचानक पाऊल खोल जातं. समजा त्या भागात तिसऱ्या उरल्या, तरी त्या काढणार कोण आणि कशी? होडी आणि बुडी मारणारा माणूस असेल तरच. म्हणजे काम बायकांच्या हातातून जातं आणि त्याचा नियमही बदलतो. ओहोटीवर चालणाऱ्या बाईला निसर्गच सुट्टी देतो, भांगाला आणि पावसाळ्यात तिची टोपली रिकामी राहते. बुडी मारणाऱ्याला तेवढी वाट पाहावी लागत नाही.

बाकीची कारणंही आहेत. शिंपले पाणी गाळून खातात. पाण्यात जे येईल ते त्यांच्या पोटात जातं, त्यामुळे गटाराचं पाणी खाडीत सोडलं की आधी शिंपले खाण्यालायक राहत नाहीत. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. त्याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचं वीजनिर्मितीनंतरचं गोडं पाणीही बारमाही येतं. खारं आणि गोडं यांचं जे प्रमाण शिंपल्यांना मानवतं, ते असं बदललं की त्यांची जागाही बदलते, नाहीतर ते मरतात. मोठ्या पावसात खाडी एकदम गोडी होते तेव्हा असं नैसर्गिकपणे घडतंच, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती सावरते. बारमाही बदलाला अशी सावरायची संधी नसते. खारबंधाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. बंधाऱ्यामुळे भातशेती वाचते, हे खरंच आहे. पण बंधाऱ्याच्या आतली चिखलवट मात्र कायमची संपते, आणि अनेकदा एकाच घरातला नवरा बंधारा मागत असतो आणि बायकोची शिंपल्यांची जागा त्यात जात असते.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून हॉटेलांच्या ताटात तिसऱ्यांची जागा पक्की झाली. मागणी वाढली हे चांगलंच, पण मागणी वाढली की बारीक शिंपल्याही उचलल्या जातात. पूर्वी घरचं आणि गावच्या बाजाराचं भागलं की हात थांबायचा. शिवाय नवीन मुली या कामात फारशा उतरत नाहीत. चिखल, उन्हात वाकून दुखणारी पाठ, कापलेले हात, आणि वर ‘शिंपल्या काढणारी’ म्हणून कमी लेखलं जाणं. शिकलेल्या मुलीनं मुंबईला नाहीतर गोव्यात नोकरी धरली तर तिला दोष कसा द्यायचा?

मासेमार कोण?

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. हा कायदा मुख्यतः नौकांचा आहे : नौकेची नोंदणी, परवाना, जाळ्याचा प्रकार, पावसाळी बंदी. सवलती आणि भरपाई यांची वाटही तिथूनच जाते. २०१९ मधली क्यार आणि महा, २०२१ मधलं तौक्ते, या वादळांनंतर नुकसानीचा हिशोब प्रामुख्यानं होड्या-जाळ्यांवर झाला. खाडीतल्या तिसऱ्यांच्या पट्ट्यावर गाळ येऊन बसला, तर त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात करायचा?

हा प्रश्न केवळ भरपाईचा नाही. जेटी, पूल, गाळ काढणं किंवा वाळूचा गट ठरवणं, असं काही आलं की ‘इथे मासेमारी चालते का’ हे तपासलं जातं. कागदावर काही नसेल तर उत्तर ‘नाही’ असं जातं. पट्टा रिकामा, चिखलाचा, कुणाच्याच वापरात नसलेला ठरतो.

नोंद करायला जागाच नाही, असंही नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तीत प्राणी-वनस्पतींबरोबर त्यांच्याविषयीचं स्थानिक ज्ञानही लिहायचं असतं. किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशांमध्ये मच्छीमार वस्त्यांच्या सामाईक जागा दाखवायची तरतूद आहे. या दोन्ही ठिकाणी तिसऱ्यांचा पट्टा, कालवांचं खडप, तिथपर्यंतची पायवाट आणि तिथे जाणाऱ्या बायकांची संख्या लिहिता येते. अडचण एवढीच की नोंदवही भरायला बसणाऱ्या बैठकीत ओहोटी सोडून बाई येऊ शकत नाही. बैठक भांगाच्या दिवशी ठेवली तर येईल.

शेतीचा पर्याय, वारशाचा शिक्का

जिल्ह्यात यावर काहीच झालं नाही असंही नाही. केंद्र-राज्य शासन आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं गेल्या दशकात सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात महिला बचत गटांना शिनाणे आणि कालवांची शेती शिकवली गेली. तराफ्याला दोर टांगून त्यावर शिनाणे वाढवायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे. पुढे कांदळवन कक्षाच्या योजनेतूनही हे काम चालू राहिलं. ज्यांना जमलं त्यांना उत्पन्न मिळालं. पण त्याला बियाणं, तराफा, परवानगी आणि राखण लागते. एकटीनं टोपली घेऊन उतरणाऱ्या म्हातारीचं ते काम नव्हे. शेती हा चांगला जोडधंदा आहे, तिला खाडीतल्या जुन्या हक्काचा बदला मानणं बरोबर होणार नाही.

इतर राज्यांकडेही बघता येईल. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी कायलात ऐंशीच्या दशकात शिंपल्यांची निर्यात सुरू झाली, १९९१ च्या सुमारास उत्पादन वर्षाला १० हजार टनांवर गेलं आणि १९९३ मध्ये निम्म्यावर आलं. मग स्थानिकांनी आणि शासनानं मिळून डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी ठेवली, जाळीच्या डोळ्याचा आकार ठरवला, यंत्राला मज्जाव केला. उत्पादन सावरलं आणि २०१४ मध्ये त्याला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, असं भारतातलं पहिलंच. नंतर तिथलाही साठा पुन्हा घसरला, त्यामुळे नियम एकदा करून भागत नाही हेही तिथेच दिसलं. कर्नाटकात कुमट्याजवळची अघनाशिनी खाडी, जिथे हजारो लोक शिंपल्यांवर जगतात, २०२४ मध्ये रामसर यादीत गेली.

वारसा म्हणून शिक्का मिळाला तर? दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या आणि शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. त्यांना मान मिळाला, संग्रहालय आहे, पर्यटक येतात. पण १९७० च्या सुमारास १४ हजारांच्या आसपास असलेली त्यांची संख्या आता चार हजारांच्याही खाली आहे आणि बहुतेकजणी साठीच्या पुढच्या. मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट शिक्क्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे : कुठल्या दिवशी उतरायचं, काय काढायचं आणि किती लहान असेल तर सोडायचं, हे त्या गावच्या बायका एकत्र बसून ठरवतात आणि ते सगळ्यांना पाळावं लागतं.

आपल्याकडे असा नियम लिहिलेला नाही, पण नियमासारखं काही होतं. श्रावणात मासळी बंद, त्याआधी आषाढातल्या पुरात खाडीत उतरणंच अशक्य. पूर ओसरला की वाळूचे पट्टे जुन्या जागी राहिलेले नसतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात तेव्हा गावाचं लक्ष तिकडे असतं. खाडीत मात्र पाणी निवळल्यावरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला दोन-चार बायका काठीनं खोली बघत पुढे जातात, जुना पट्टा कुठे सरकला ते पायानं शोधतात, आणि यंदा कुठवर उभं राहता येईल ते मागून येणारीला सांगतात.